पुणतांब्याचा पैलवान

शनिशिंगणापुरात देवाला छप्पर नाही आणि घरांना दारं नाहीत, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिथं महंताची गादीही नाही, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कारभार गावच्या विश्वस्तांनी पाहिला आणि २०१८ साली देवस्थानासाठी सरकारनं वेगळा कायदा केला.

याच नगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोदावरीच्या पात्रात, सराला बेट आहे. तिथं सगळं गादीभोवती फिरतं. गादी गंगागिरी महाराजांची. श्रीरामपूर-वैजापूरकडच्या माणसाला त्यांचा अखंड हरिनाम सप्ताह काय असतो ते सांगावं लागत नाही. सात दिवस वीणा खाली टेकत नाही, पहारेकरी बदलतात, गावोगावच्या चुलींवर थापलेल्या भाकरी ट्रॉल्या भरभरून येतात आणि आमटी टँकरनं पंगतीपर्यंत नेतात. २०२५ साली वैजापूर तालुक्यातल्या शनिदेवगावात १७८वा सप्ताह झाला. वर्षाला एक धरून मागं मोजलं तर पहिला सप्ताह १८४८च्या आसपास येतो.

मला ओढ होती ती सप्ताह सुरू करणाऱ्या माणसाची. भक्तांना विचारावं तर चमत्कारच ऐकायला मिळतात. माणूस सापडला तो भलत्याच पोथीत, गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात, पाचव्या अध्यायात. पारायणाच्या भरात ही पानं भराभर उलटली जातात.

तिथले गंगागीर पुणतांब्याचे आहेत आणि त्यांना कुस्तीचा जबर नाद आहे. एकदा झुंज चालू असतानाच त्यांच्या कानावर एका सिद्धाचे शब्द पडतात. देह झिजवायचाच तर देवाशी खेळून झिजव, असा त्यांचा मथितार्थ. गड्यानं संसार सोडला, पुणतांब्याजवळ नदीकाठी मठ केला आणि शिष्यांसह तिथं राहिला. त्याच्या वैराग्याबद्दल दाभोलकर एवढंच सांगतात. पण त्याच अध्यायात आणखी एक कुस्ती आहे. शिरडीत मोहिद्दीन तांबोळ्याशी साईबाबांची झुंज झाली, त्यात बाबा हरले आणि त्यानंतर त्यांनी कफनी घातली. एक आखाड्यातून उठला, दुसरा आखाड्यात पडला, आणि दोघेही बैरागी झाले. या दोन कुस्त्या पोथीकारानं शेजारीशेजारी मांडल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

याच अध्यायात पुढं येतं, की गंगागीर शिरडीला येत-जात असत. त्या काळी साईबाबा बाग करत होते. राहात्याहून आणलेली जाई, जुई, झेंडूची रोपं उजाड जागेत लावलेली. वामन तात्या कुंभार रोज दोन कच्ची मडकी द्यायचा. त्यांतून बाबा स्वतःच्या खांद्यावरून विहिरीचं पाणी वाहायचे. संध्याकाळी मडकी कडुनिंबाखाली ठेवली की फुटायची आणि दुसऱ्या दिवशी नवी यायची. आज त्या जागी समाधी मंदिर आहे. पाणी वाहणाऱ्या त्या तरुणाला गंगागीरांनी पाहिलं आणि गावकऱ्यांना सांगितलं, की हा सामान्य माणूस नव्हे, असं रत्न लाभलं हे शिरडीचं भाग्य. गावाला तेव्हा त्या तरुणाची पारख नव्हती. पैलवानाला पैलवान कळतो म्हणतात, ते असं.

गंगागिरींच्या मागं गादी शिष्यपरंपरेनं चालत आली. अलीकडच्या काळात नारायणगिरी महाराजांनी सप्ताहाचा पसारा वाढवला. ते २००९ साली गेले. आज गादीवर रामगिरी महाराज आहेत. २०२४ साली सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे इथल्या सप्ताहात त्यांनी प्रेषित मुहम्मदांविषयी केलेल्या विधानावरून राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. निषेधाचे मोर्चे निघाले, समर्थनाचेही निघाले. त्या गदारोळात साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायाची आठवण निघालेली माझ्या तरी वाचनात आली नाही.

ज्याचं ‘अल्ला मालिक’ सगळ्या मुलखाला ठाऊक झालं आणि जो अखेरपर्यंत मशिदीत राहिला, त्या फकिराला या गादीच्या मूळ पुरुषानं रत्न म्हटलं होतं. लाखोंच्या सप्ताहात व्यासपीठावरून सांगावी अशी हीच गोष्ट होती. ती सांगितली गेली नसेल, तर ही माझ्या मते त्या गादीची चूक आहे.