जुन्या इंजिनाचा कॅमशाफ्ट जपा

डहाणूच्या वाडीत किंवा तलासरीत महामार्गालगत जुनी प्रीमियर पद्मिनी जपली असेल, तर इंजिनातली टकटक अंगावर काढू नका. आधी टॅपेट सेटिंग तपासून घ्या. कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटवर घासतो, तिथे प्रचंड दाब असतो. ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं संयुग तिथे संरक्षक थर धरतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून आजच्या पातळ पेट्रोल-ऑइलमध्ये त्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. जुन्या गाडीला पुरेसं झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० घाला. नवा कॅमशाफ्ट बसवला, तर पहिली २० मिनिटं इंजिन आयडलवर सोडू नका. २००० आरपीएमच्या आसपास फिरवा, म्हणजे उडणारं ऑइल कॅमपर्यंत भरपूर पोचतं. एवढी काळजी घेतली, तर मोठा खर्च टळतो.