पाचगणीच्या मुलाची एकट्याची गाणी

पाचगणी म्हटलं की आपल्याला स्ट्रॉबेरी आणि शाळेची सहल आठवते. तिथल्याच सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात 1950 च्या दशकात फरोख बुलसारा नावाचा पारशी मुलगा राहत होता. आईवडील आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर आणि आठ वर्षांचं पोर इथं! शाळेत तो पियानो वाजवायचा. मित्रांना घेऊन त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला. पुढं इंग्लंडमध्ये तो फ्रेडी मर्क्युरी झाला, ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक. रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, ड्रमचा दणका आणि मोकळ्या गळ्याचं गाणं.

क्वीनबद्दल सगळेच बोलतात. त्यानं बँडबाहेर केलेलं काम मात्र बराच काळ बाजूला पडलं.

भजनी मंडळात एकीनं चाल फार वर नेली की दुसरी लगेच सांगते, “अगं, जरा खाली घे.” बँडमध्येही चौघांचं मत पडायचं. 1985 साली ‘मिस्टर बॅड गाय’ ही स्वतःची रेकॉर्ड करताना त्या तिघांना विचारायचं नव्हतं. त्यानं ती आपल्या मांजरांना अर्पण केली! इंग्लंडमध्ये ती बरी खपली, अमेरिकेत पडली. मला विचाराल तर आवाज जिवंत आहे, पण मागचं यंत्रावरचं संगीत पाणी जास्त झालेल्या आमटीसारखं लागतं.

खरं धाडस 1988 च्या ‘बार्सिलोना’ या रेकॉर्डमध्ये आहे. माँसेरात काबाये ही स्पेनची मोठी ऑपेरा गायिका. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाची लांबची बहीण. सगळी गोष्ट गाऊन सांगायची आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. अशा बाईंसोबत रॉकवाला गाणार, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटलं. नोव्हेंबर 1991 मध्ये एड्सनं फ्रेडी गेला, अवघ्या 45 व्या वर्षी. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात ऑलिम्पिक भरलं आणि त्या निमित्तानं हे गाणं जगभर वाजलं. नंतर ऑपेरा आणि पॉप गायकांनी एका मंचावर गाणं नेहमीचं झालं. त्याचं सगळं श्रेय एका गाण्याला देता येत नाही, पण ही वाट आधी चालून दाखवणाऱ्यांत ही दोघं होती.

एकट्याची इतर गाणीही परत आली. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ 1985 मध्ये इंग्लंडमध्ये पन्नासाव्या क्रमांकावर अडकलं होतं. 1993 मध्ये नव्या ठेक्यावर बसवल्यावर तेच पहिलं आलं. 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी त्याच्या दोन जुन्या गाण्यांतला आवाज तसाच ठेवून भोवतीचं वादन नव्यानं केलं. त्यातलं ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ 2004 मध्ये जपानच्या एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं.

मोबाईलवर ‘बार्सिलोना’ लावणार असाल तर 2012 ची आवृत्ती शोधा. तिच्यात कीबोर्डच्या जागी खरा वाद्यवृंद आहे, आणि बाईंचा आवाज चढतो तेव्हा व्हायोलिनं खालून उचलून धरतात.