पाण्याबरोबर सरकणारं गाव

अंगकोरची देवळं पाहायला कंबोडियाला जाणाऱ्या मंडळींच्या कार्यक्रमात बहुधा शेवटच्या दिवशी एक ओळ असते : ‘तरंगतं गाव, अर्धा दिवस’. देवळांच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघे बोलायला लागलेले असतात. आज नुसतं होडीत बसायचंय, चढायचं काही नाही, एवढ्यावरच सगळे खूश. मीही त्याच आनंदात गेले होते. डिसेंबर महिना होता. अंगकोरला लागून असलेल्या सिएम रीप शहरातून निघून आम्ही तोन्ले साप या सरोवराच्या काठी पोचलो. आग्नेय आशियातलं गोड्या पाण्याचं हे सर्वांत मोठं सरोवर. रस्ता संपला, होडी सुरू झाली आणि थोड्याच वेळात पाण्यावर एक किराणा दुकान दिसलं. मग शाळा, मग तरंगत्या खुराड्यात डुकरं, मग कुंड्यांमधून मिरच्या आणि कांद्याची पात लावलेली घरांची रांग.

एका घराच्या ओट्यावर एक बाई मासे साफ करत बसली होती. आमची होडी तिच्यापासून चार हातांवरून गेली आणि होडीतले आठ-दहा कॅमेरे तिच्याकडे वळले. तिने मान वर केली नाही. बसल्या जागी फिरून फक्त आमच्याकडे पाठ केली. ज्यांनी चाळीत दिवस काढलेत, घरासमोरून दिवसभर माणसांची ये-जा सोसली आहे, त्यांना ती पाठ लगेच कळेल. मी कॅमेरा खाली ठेवला आणि विषय बदलावा म्हणून गाईडला विचारलं, ‘ही माणसं जमिनीवर का राहत नाहीत हो?’ तो हसला. पाण्याबाहेर आलेल्या झाडांच्या शेंड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आत्ता आपण जमिनीवरच आहोत. मे महिन्यात या, म्हणजे दिसेल.’

हे उत्तर नीट समजायला नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. कंबोडियाच्या मधोमध, बशीसारख्या सपाट मैदानात हे सरोवर आहे. त्याच्या आग्नेय टोकाकडून तोन्ले साप याच नावाची नदी निघते आणि शंभरएक किलोमीटर वाहून राजधानी नॉम पेन्हजवळ मेकाँग या महानदीला मिळते. इथवर काही विशेष नाही. सरोवरातून नदी निघावी आणि मोठ्या नदीला मिळावी, हे रीतसरच झालं. पण मेकाँग येते थेट तिबेटच्या पठारावरून. पावसाळ्यात लाओस, थायलंड, व्हिएतनामच्या डोंगरांवरचं पाणी घेऊन ती फुगते आणि नॉम पेन्हपाशी तिची पातळी सरोवराच्या पातळीच्या वर जाते. मैदान इतकं सपाट आहे की तेवढा फरक पुरतो. साधारण जूनच्या सुमारास तोन्ले साप नदी थांबते आणि उलटी वाहू लागते. जी नदी सरोवर रिकामं करत होती, तीच आता ते भरू लागते. हे चार-पाच महिने चालतं. पावसाळा सरला, मेकाँग उतरली, की नदी पुन्हा कूस बदलते आणि साठलेलं पाणी समुद्राकडे परत निघतं.

याचा परिणाम किती मोठा, ते आपल्या मापात सांगते. कडक उन्हाळ्यात हे सरोवर अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं असतं. म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा लहान. खोली जेमतेम एखादा मीटर, बऱ्याच ठिकाणी माणूस उभा राहू शकतो. ऑक्टोबर येईतो तेच सरोवर दहा ते पंधरा हजार चौरस किलोमीटरवर पसरतं, म्हणजे तीन-चार गोवे पोटात घेतं, आणि खोली आठ-नऊ मीटर होते. उन्हाळ्यातला काठ पावसाळ्यात कित्येक किलोमीटर आत पाण्याखाली गेलेला असतो. आता सांगा, या सरोवराच्या ‘काठावर’ घर बांधायचं म्हटलं तर कुठे बांधायचं?

याला तिथल्या माणसांनी दोन उत्तरं काढली. पहिलं, घराला उंच पाय लावायचे. कंपाँग फ्लुक आणि कंपाँग ख्लेआंग ही गावं अशी आहेत. सहा-सात मीटर, काही ठिकाणी त्याहून उंच खांबांवर घरं. डिसेंबरात होडी दाराला लागते आणि एप्रिलमध्ये त्याच दारातून शिडीने खाली उतरून मुलं धुळीत खेळतात. सहल विकणारे यांनाही सरसकट ‘तरंगती गावं’ म्हणतात. वास्तविक ती तरंगत नाहीत, उभी आहेत. दुसरं उत्तर खरोखरच्या तरंगत्या घरांचं. सिएम रीपजवळचं चोंग क्निआस, पैलतीराकडचं कंपाँग लुओंग, पक्ष्यांसाठी नावाजलेलं प्रेक तोआल, ही त्या जातीची गावं. घराखाली बांबूंच्या जाड मोळ्या किंवा तेलाची रिकामी पिंपं असतात. बांबू कुजतात, दर काही वर्षांनी बदलावे लागतात. आपण घर शाकारायचो, तसं ते घर खालून शाकारतात म्हणा ना! पाणी चढू-उतरू लागलं की दोर सोडायचे, घराला मोटरबोट जोडायची आणि ओढत नव्या जागी न्यायचं. कंपाँग लुओंग अख्खं गाव असं दरवर्षी सरकतं. त्यात दुकानं आली, शाळा आली, चर्चसुद्धा आलं. शेजाऱ्याशी पटलं नाही तर दोर सोडून लांब जाता येतं, असा विनोद गाईडने केला. तो प्रत्येक होडीत करत असणार, पण मला आवडला.

गैरसोय मात्र विनोदाने कमी होत नाही. ज्या पाण्यात घर, त्याच पाण्यात आंघोळ, धुणी-भांडी आणि संडासही. ते पाणी तुरटी फिरवून निवळायचं आणि उकळून प्यायचं, ही जुनी रीत. ज्यांना परवडतं ते आता विकतचं पाणी घेतात. वीज म्हणजे मोटारीची बॅटरी, तीही चार्ज करून देणाऱ्याकडे नेऊन भरून आणायची. अलीकडे सौर पत्रे दिसू लागलेत. वादळ आलं की दोर तुटून घरं भरकटतात.

मग एवढं सोसायचं कशासाठी? माशांसाठी. मेकाँगचं उलटं येणारं पाणी गाळ आणि माशांची अंडी-पिल्लं घेऊन येतं. सरोवराभोवतीचं जंगल महिनोन्महिने पाण्यात बुडतं आणि त्या बुडालेल्या फांद्यांमध्ये मासे पोसतात, वाढतात. पाणी परत फिरलं की तेही नदीकडे निघतात आणि तिथे पिशवीसारखी मोठी जाळी त्यांची वाट पाहत असतात. पौर्णिमेच्या आधीच्या काही दिवसांत सगळ्यांत जास्त मासे मिळतात, असा तिथल्या कोळ्यांचा अनुभव आहे आणि मासेमारीच्या नोंदीही तेच सांगतात. त्यातल्या एका लहानशा माशाला ‘रिएल’ म्हणतात. देशाच्या चलनाचं नावही रिएल, आणि ते या माशावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात. हा मासा खारवून, आंबवून ‘प्राहोक’ करतात. शेतकरी पूर्वी बैलगाडीत तांदूळ भरून नदीवर यायचे आणि वर्षाचा प्राहोक घेऊन परत जायचे. त्याच्या वासाबद्दल परदेशी प्रवासी बरंच वाईट लिहितात. ज्यांच्या घरी सुकटीची बरणी उघडते, त्यांनी त्यांचं ऐकू नये.

अंगकोरचं साम्राज्यही याच अन्नावर उभं होतं. बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर होड्यांची लढाई कोरलेली आहे, ती बहुतेक गाईड दाखवतात. त्या होड्यांखालचे मासे आणि जवळच कोरलेलं रोजचं जगणं आपण आपणहून बघावं. १२९६ साली झोउ दाग्वान नावाचा चिनी अधिकारी अंगकोरला आला आणि वर्षभर राहिला. पावसाळ्यात सरोवर इतकं चढतं की मोठ्या झाडांचे नुसते शेंडे उरतात आणि काठची माणसं उंचावर निघून जातात, असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. मला गाईडने दाखवलेले शेंडे तेच.

पण निव्वळ माशांसाठी सगळे पाण्यावर राहतात, असंही नाही. सरोवरावर ख्मेर आहेत, चाम मुसलमान आहेत आणि व्हिएतनामी वंशाची हजारो कुटुंबं आहेत. यांतल्या अनेकांचे पूर्वज फ्रेंच अमदानीत किंवा त्याही आधी इथे आले. १९७० च्या दशकात त्यांना देशाबाहेर काढलं गेलं, ख्मेर रूजच्या राजवटीत मागे राहिलेल्यांची कत्तल झाली. १९७९ नंतर माणसं परतली, पण कागदपत्रं गेली होती. कंबोडियात जमिनीची मालकी नागरिकालाच मिळते आणि नागरिकत्व सिद्ध करायला कागद लागतो. आजोबा इथे जन्मले हे पटवायचं कसं? पाण्याला सातबारा लागत नाही, म्हणून ती पाण्यावर राहिली. तिथेही निवांतपणा नव्हता. मार्च १९९३ मध्ये चोंग क्निआसवर ख्मेर रूजच्या बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला, तीसहून अधिक माणसं मारली गेली. २०१८ पासून कंपाँग छ्नांग प्रांतातली तरंगती घरं काठावर हलवायला लावली. २०२१ मध्ये नॉम पेन्हजवळच्या घरांना काही दिवसांची मुदत देऊन नदीतून उठवलं. प्रदूषण आणि शहराचं रूप ही कारणं सांगितली गेली. प्रदूषण खोटं नाही. पण कोळ्याला पाण्यापासून लांब नेऊन बसवलं तर त्याने खायचं काय, याचं उत्तर तिथे कोणी दिलेलं दिसत नाही. त्या पाठमोऱ्या बाईची कहाणी यांतली होती की दुसरीच, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, विचारायचा मला अधिकारही नव्हता.

मग प्रवाशाने जाऊच नये का? माझं मत, जरूर जावं. त्या पैशांतला थोडा तरी गावात राहतो. फक्त कसं जायचं ते बघावं. आमची होडी परतताना एका दुकानाला लावली आणि ‘शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या’ असा आग्रह सुरू झाला. भाव शहरातल्या भावाच्या दुपटीहून जास्त. समोर मुलं उभी, नाही कसं म्हणायचं? दोघांनी घेतलं. ते पोतं मुलांच्या ताटापर्यंत पोचतं की पुन्हा दुकानात येतं, अशी शंका अनेक प्रवाशांनी बोलून दाखवली आहे. अनाथाश्रम ‘दाखवणाऱ्या’ सहली तर टाळाव्यातच, मुलं ही बघायची वस्तू नव्हे. त्यापेक्षा गावातल्या खाणावळीत जेवा. कंपाँग फ्लुकला बायका लहान होड्या वल्हवत बुडालेल्या जंगलातून फिरवून आणतात, त्यांच्या होडीत बसा. मोटर बंद झाली की तिथली शांतता अंगावर येते. पक्ष्यांची आवड असेल तर हिवाळ्यात पहाटे निघून प्रेक तोआल गाठा. झोळीवाले पाणपक्षी आणि चित्रबलाक, दोघंही भेटतील. आणि फोटो घ्यायचाच तर नजरेला नजर मिळवून, हसून, विचारून घ्या. भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जमलं तर कार्तिकी पौर्णिमा साधा. नदी परत फिरते त्याच सुमारास तिथे बोन ओम तूक हा पाण्याचा उत्सव असतो. महिन्याचं नाव ख्मेरमध्ये ‘कादेउक’, म्हणजे आपला कार्तिकच. तीन दिवस नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यती होतात आणि रात्री चंद्राला हात जोडून पोहे आणि केळी खातात. आपल्याकडे त्या रात्री त्रिपुर पाजळलेले असतात.

पण २०१५ साली नदीला पुरेसं पाणी नाही म्हणून हा उत्सव सरकारला रद्द करावा लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात सरोवराभोवतीच्या त्या बुडणाऱ्या जंगलाला वणवे लागले. २०१९ आणि २०२० मध्ये पाणी उशिरा उलटलं आणि थोडंच आत आलं. पाऊस कमी होता, हे एक. दुसरं, वर चीन आणि लाओसमध्ये झालेली धरणं. धरण पावसाळ्यात पाणी अडवतं आणि उन्हाळ्यात सोडतं. शेताला ते सोयीचं, पण हे सरोवर चालतं ते पूर आणि उन्हाळा यांच्यातल्या फरकावर, आणि धरण नेमका तोच फरक कमी करतं. त्यात बांधकामासाठी मेकाँगच्या पात्रातून प्रचंड वाळू उपसली जाते. पात्र खोल गेलं की पुराची पातळी उतरते आणि नदीला उलटं फिरायला लागणारी उंचीच मिळत नाही. कंबोडियाने २०२० मध्ये आपल्या हद्दीत मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षं धरण बांधायचं नाही असं ठरवलं. वरच्या देशांची धरणं त्याच्या हातात नाहीत.

तिथे गेलात तर नावाड्याला एक गोष्ट जरूर विचारा : यंदा पाणी कधी उलटलं? आमच्या नावाड्याला गाईडमार्फत मी हे विचारलं. तोपर्यंत गप्प असलेला तो माणूस मोटर बारीक करून बोलायला लागला. कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीपर्यंत वडिलांच्या वेळी पाणी यायचं आणि आता कुठे थांबतं, हे तो हात वर-खाली करून दाखवत होता. काठ आला तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.