हप्ता थकला म्हणून दार लावून बसू नका



हप्त्याचा वार आला की काही जणी फोन बंद ठेवतात, मागच्या दारानं शेतात निघून जातात. एका कंपनीचं फेडायला दुसरीकडून उचलतात. मग गटाची बैठकही चुकवतात, कारण चार बायकांत तोंड दाखवायची लाज वाटते. पण आपण लपलो म्हणून व्याज थांबत नाही. त्यापेक्षा बोलणी करा. त्यासाठी वकील मोफत मिळतो.

कर्ज थकणं हा गुन्हा नाही

हप्ता थकला एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. ही दिवाणी बाब आहे. मात्र सही केलेला चेक वटला नाही तर फौजदारी केस होऊ शकते. म्हणून कोरा चेक कुणाला दिला असेल तर वकिलाला आधी सांगा.

रिझर्व्ह बँकेचे नियमही माहीत असू द्या. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. असं झालं तर तारीख, वेळ, माणसाचं नाव वहीत लिहा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मोफत वकील कुठे?

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना आधार कार्ड, कर्जाचं कार्ड, पावत्या, पासबुक आणि आलेली नोटीस न्या. सावकाराचे पैसे असतील तर तेही लपवू नका. त्याच्याकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळतं.

बोलणी कशी होतात?

समजा, तीन ठिकाणचे मिळून महिन्याला ७,२०० रुपये भरायचे आहेत आणि घरखर्च जाऊन हातात ३,५०० उरतात. हा हिशोब वकिलाला खरा सांगा. त्यावरून तो प्रत्येकाला पत्र लिहितो: हप्ता लहान करा, मुदत वाढवा, दंडाची रक्कम सोडा. देणेकऱ्यानं ऐकलंच पाहिजे असं नाही. पण कोर्टकचेरीत वेळ घालवण्यापेक्षा पैसे येत राहिलेले त्यालाही बरे वाटतात. केस झाली नसली तरी प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं.

सही करण्याआधी

लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमाइतकीच पक्की असते. त्यावर अपील नाही. म्हणून समोरच्यानं ३,००० म्हटलं आणि आपल्याला २,००० च झेपत असतील तर तिथेच सांगा. भिडेपोटी हो म्हणू नका.

‘एकरकमी भरा, बाकी सोडतो’ असं म्हणाले तर तुमच्या कर्जाच्या नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा लागू शकतो. पुढे कर्ज मिळायला तो आड येतो. तरीही तोच मार्ग बरा असेल तर आधी लेखी पत्र घ्या, मगच पैसे भरा. पैसे भरल्यावर ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घ्या. तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका, आणि पावतीशिवाय तर नाहीच.

गटाला आधी सांगा

कंपनीचं कर्ज पाच जणींच्या जबाबदारीवर असेल तर तुमचा थकलेला हप्ता बाकीच्या चौघींच्या दारात जातो. त्यांना वसुलीवाल्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. कोर्टात जाताना एखादी सोबत न्या.

आणि बाकीच्यांनी, कुणी सलग दोन बैठका आली नाही तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.