सर, निळा जरा जास्त झालाय!

हे सदर आरोग्याचे. त्यात डोंगर, ढग आणि फोटोंच्या गप्पा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण गेल्या वर्षभरात आमच्या मित्रमंडळीत जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. त्यात माझीही एक चूक आहे. ती आधीच कबूल केलेली बरी.

आम्हा पाच जणांना निसर्गाचे फोटो काढण्याचा नाद आहे. एक फोटो स्टुडिओवाले, एक कॉलेजात भूगोल शिकवणारे प्राध्यापक, एस.टी.च्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक, हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक सर आणि मी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्टुडिओच्या माडीवर जमायचे, प्रत्येकाने आपले तीन फोटो आणायचे, ते संगणकाच्या पडद्यावर लावायचे आणि इतरांनी मोकळेपणाने बोलायचे. ज्याचा फोटो असेल त्याने पाच मिनिटे तोंड उघडायचे नाही, एवढा एकच नियम. चहा आणि भजी स्टुडिओवाल्यांकडून. (भज्यांविषयी डॉक्टर म्हणून मी त्या दिवशी काही बोलत नाही.)

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चांगल्या कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा फोटो हा फोडणी न दिलेल्या वरणासारखा असतो. सपक, फिका. घरी संगणकावर बसून त्याचा उजेड, काळोख, रंग हे सगळे जुळवावे लागते. त्यात एक सरकपट्टी असते. ती एका बाजूला ओढली की चित्र पिवळसर होते, दुसऱ्या बाजूला ओढली की निळसर. पांढरा ढग पांढरा दिसेल अशा जागी ती थांबवायची. आता पांढरे म्हणजे नेमके किती पांढरे, हे ठरवणारा कोण? तर ज्याच्या त्याच्या डोळा. सगळी गोष्ट इथेच आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही पाचही जण यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावर गेलो होतो. तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा, मध्येच सोनकीचा पिवळा आणि पाणथळ जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले. महिनाअखेरीस सरांनी आणलेला फोटो पडद्यावर लागला आणि सगळे गप्प झाले. पठार असे निळे दिसत होते, जणू कोणी दौत उपडी केली होती. ढगसुद्धा निळे. स्टुडिओवाले म्हणाले, “सर, निळा जरा जास्त झालाय.” सरांनी नियमाप्रमाणे पाच मिनिटे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “मला तर अजून कमीच वाटतोय.”

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात ढग अधिकच निळे आणि डोंगराच्या कडा चाकूने कोरल्यासारख्या. मेकॅनिक हसला. मीही हसलो. प्राध्यापकांनी तर, “सर, तुम्ही चंद्रावर गेला होता का?” असे विचारले. दिवाळीच्या सुमारास सर मला म्हणाले होते, “डॉक्टर, एक आनंदाची बातमी. आता पेपर वाचायला चष्मा लागत नाही!” सरांचे वय सहासष्ट. आणि मी, तीस वर्षे दवाखाना चालवणारा माणूस, काय म्हणालो? तर “अभिनंदन!” म्हणालो. ही माझी चूक.

जानेवारीपासून सर यायचे बंद झाले. थंडी आहे, पाहुणे आहेत, अशी कारणे कळत होती. फेब्रुवारीत एके दिवशी वहिनी रक्तदाब दाखवायला दवाखान्यात आल्या. पट्टी सोडता सोडता सहज विचारले, “सर कसे आहेत?” तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले. म्हणाल्या, “कॅमेरा कपाटात ठेवून दिलाय. तुम्ही सगळे त्यांना हसता म्हणे. आणि चिडचिड किती वाढलीय! ट्यूबलाइट दोनदा बदलली, तरी उजेड पडत नाही म्हणतात. निळ्या साडीवरचं ब्लाउजपीस आणायला पाठवलं तर काळं घेऊन आले. मागच्या आठवड्यात रात्री समोरून ट्रक आला, दिव्यांनी डोळे दिपले आणि स्कूटर थेट चरात गेली. नशिबाने खरचटण्यावर भागलं.”

एवढे ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निळे ढग, सुटलेला चष्मा, मंद ट्यूबलाइट, काळे ब्लाउजपीस, ट्रकचे दिवे. पाचही धागे एकाच गाठीचे होते आणि त्यातले दोन तर चार-पाच महिने माझ्यासमोर पडलेले होते.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. खोलीत अंधार करून ऑप्थॅल्मोस्कोपने पाहिले. निरोगी डोळ्याच्या बाहुलीतून तांबूस चमक परत येते. सरांच्या उजव्या डोळ्यात ती जवळजवळ विझलेली होती, डाव्यात मळकट. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात अधिक.

आपल्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. तरुणपणी ते स्वच्छ काचेसारखे असते. वयाबरोबर त्यातली प्रथिने बदलतात, भिंगाचा गाभा आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. पिवळी काच निळा आणि जांभळा प्रकाश अडवते. म्हणून निळ्या छटा काळपट होतात, गडद निळे आणि काळे यांतला फरक कळेनासा होतो. शिवाय गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो. त्यामुळे दृश्य धुरकट दिसते आणि रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा वाटतो. गाभा घट्ट झाला की भिंगाची शक्ती वाढते आणि माणसाला जवळचे पुन्हा बिनचष्म्याचे दिसू लागते. जुने लोक याला ‘दृष्टी परत आली’ म्हणत. प्रत्यक्षात तो मोतीबिंदूचा निरोप असतो. साठी उलटलेल्या कोणाचाही वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तर पेढे वाटण्याआधी डोळे तपासून घ्या.

हे इतके हळूहळू होते की मेंदू सवय करून घेतो आणि माणसाला स्वतःला काही कळत नाही. चाणाक्ष वाचक विचारतील, की सर डोंगरही त्याच भिंगातून बघत होते आणि पडदाही, मग चूक कशी झाली? मीही यावर विचार केला. माझा तर्क असा, की डोंगर पाहिला भर उन्हात आणि रंग जुळवले महिन्याभराने, रात्री, घरातल्या उजेडात. समोर डोंगर नसतो, असते ती आठवण. आणि सरांची आठवण होती चाळिशीतल्या डोळ्यांनी पाहिलेल्या कासची. ती निळाई पडद्यावर सापडेना, म्हणून ते सरकपट्टी ओढत राहिले.

असे होणारे सर पहिले नव्हेत. क्लोद मोने या थोर फ्रेंच चित्रकाराला १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. जिव्हर्नी येथील आपल्या बागेतली कमळे आणि पूल तो रंगवीत असे. त्या काळातल्या त्याच्या काही चित्रांत तांबडे-तपकिरी रंग भडकलेले दिसतात. रंगाच्या नळीवरचे नाव वाचून तो रंग निवडू लागला होता. शस्त्रक्रियेला तो फार घाबरे. त्याचा जुना मित्र क्लेमांसो हा फ्रान्सचा माजी पंतप्रधान, पण शिक्षणाने डॉक्टर! त्याने पिच्छा पुरवला आणि अखेर १९२३ साली उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर काही काळ सगळे फार निळे दिसते म्हणून मोने कुरकुरत होता. रंगीत काचांचे चष्मे वापरावे लागले. पण त्याने पुन्हा ब्रश धरला आणि १९२६ साली मृत्यू येईपर्यंत तो काम करीत राहिला. डावा डोळा मात्र त्याने शेवटपर्यंत कापू दिला नाही. क्लेमांसोला जे दिसले ते मला दिवाळीतच दिसायला हवे होते, असे मनात येते.

मोनेच्या वेळी भिंग काढून टाकीत आणि जाड भिंगाचा चष्मा देत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसत, पण डोळा ते मुकाट्याने सहन करी, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते. बहुधा टाका घालावा लागत नाही आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. नंतर काही आठवडे थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

आपल्याकडे अजूनही “पिकू दे, मग काढू” असे म्हणतात. मोतीबिंदू म्हणजे काही आंबा नव्हे. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते आणि घट्ट झालेला गाभा काढणेही अवघड होते. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की वेळ झाली असे समजावे. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, मध, काढे यांच्या नादी लागू नये. असे औषध अजून निघालेले नाही. मधुमेही, तंबाखू वापरणारे आणि वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे यांनी तर दरवर्षी डोळे दाखवावेत. डोळा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला किंवा नजर अचानक गेली, तर मात्र तो प्रकार वेगळा. तिथे एक दिवसही थांबू नये.

घरी एक सोपी चाचणी करता येते. दिवसाच्या उजेडात पांढरा कागद धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहा. एका डोळ्याला कागद पिवळट किंवा मळकट दिसला तर तपासणी करून घ्या. दोन्ही डोळे सारखेच पिवळे झाले असतील तर फरक कळणार नाही, हेही लक्षात असू द्या.

संगणकावर तासन् तास फोटो जुळवणाऱ्यांना एवढेच सांगतो, की पडद्याकडे टक लावली की पापण्या लवणे निम्म्याहून कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी उठून खिडकीतून लांबचे झाड पाहावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी बायफोकल लावून मान वर करून पडद्याकडे बघू नये. त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. माझी मान दुखायची ती अशानेच.

मार्चमध्ये सरांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिथे होतो. सरांनी भिंतीकडे पाहिले आणि विचारले, “चुना नवीन दिलाय का?” मग उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले. “आता चहा सांडल्यासारखी दिसते.” लहान मुलासारखे ते बराच वेळ डोळ्यांची उघडझाप करीत राहिले. आठवड्याने घरी संगणकावर कासचे फोटो उघडले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही इतके दिवस हे बघत होता?” काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

मे महिन्यात दुसरा डोळा झाला. जूनच्या बैठकीला सर तीन फोटो घेऊन आले, त्यातला एक कासचा तोच, नव्याने जुळवलेला. जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. मेकॅनिक म्हणाला, “सर, खरं सांगू? मला जुनाच बरा वाटतो, पाऊस पडणार असं वाटतं.” त्यावर अर्धा तास वाद झाला आणि भजी गार झाली. सर म्हणाले, “तो माझा नाही रे, मोतीबिंदूचा आहे.”

नंतर माझा फोटो लागला, ठोसेघरचा. पाच मिनिटे मी गप्प बसलो. सर पडद्याजवळ जाऊन पाहून आले आणि म्हणाले, “डॉक्टर, ढग जरा पिवळट आहेत. तुम्हाला दिसत नाही का?” बुधवारी सकाळची वेळ मिळाली आहे. त्या दिवशी दवाखाना संध्याकाळीच उघडेल, पेशंटांनी नोंद घ्यावी.