सातबारा नाही, मग कर्ज कसं?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

कन्हान म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो. पण आपल्या पारशिवनी तालुक्यात पेंचच्या कालव्यावर धान पिकतं, आणि बरेच जण दुसऱ्याचं वावर ठेक्यानं किंवा बटईनं करतात. मालक लिहून देत नाही. कूळ लागेल ही भीती. विदर्भाला तर १९५८चा स्वतंत्र कूळ कायदाच आहे. मग सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. सावकार आहेच.

आता गंमत बघा. नियमात वाट आहे. ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करायचा, सगळ्यांनी एकमेकांची हमी घ्यायची. ठेकेदार-बटईदारांना बँक असं कर्ज देऊ शकते. पण काउंटरपलीकडच्या साहेबाला हे माहीत हवं ना!

म्हणून कर्ज देणाऱ्यांचीही शाळा लागते. १९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय सुरू केलं. तिथे विद्यार्थी कोण? बँकांचे अधिकारी.

शिकण्यासारखं काय असतं त्यात? किसान क्रेडिट कार्डाचा हिशोब सोपा आहे. समजा जिल्ह्याच्या तांत्रिक समितीनं धानाला एकरी २०,००० रुपये ठरवले. ३ एकरांचे ६०,०००. त्यावर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या कामांसाठी, २० टक्के शेतीसाधनांच्या देखभालीसाठी. झाले ७८,०००, विम्याचा हप्ता वेगळा. हे मोबाइलही करून देईल.

खरी परीक्षा संत्र्यात. कलम लावल्यावर पहिलं पीक हाती यायला पाचेक वर्षं लागतात. अधिकाऱ्यानं दुसऱ्याच वर्षापासून हप्ता लावला, तर शेतकरी काय विकून भरणार? कर्ज बुडतं ते तिथेच, कागदावर, पाऊस यायच्या आधी. माझ्या मते हा शेतकऱ्याचा नाही, कर्ज आखणाऱ्याचा दोष आहे. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच एनपीए होतं, दुकानदारासारखं ९० दिवसांत नाही. नव्यानं शहरातून बदलून आलेल्याला हा फरक कुणीतरी शिकवावाच लागतो.

तुमच्या घरी ठेक्याचं वावर असेल, तर शाखेत जाऊन ‘कर्ज मिळेल का’ विचारू नका. ‘संयुक्त देयता गटाचा अर्ज द्या’ असं म्हणा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, हेही सांगा. साहेब गोंधळले, तर मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक उघडून दाखवा.