‘दाबणे’ आणि त्याची भावंडे

भिलाईच्या पोलाद कारखान्यात आगगाडीचा रूळ कसा तयार होतो, हे मराठीतून सांगावयाचे झाल्यास सांगणाऱ्यापुढे प्रथम क्रियापदाचाच प्रश्न उभा राहतो. सुमारे १२०० अंश सेल्सियसपर्यंत तापविलेला पोलादाचा ठोकळा खाचा असलेल्या फिरत्या रुळांमधून पुनःपुन्हा नेतात. दर फेरीस तो थोडा बारीक होतो, थोडा लांबतो आणि अखेरीस त्याला रुंद बूड, अरुंद कंबर आणि जाड माथा येतो. येथे पोलाद ‘दाबले’ असे म्हणावे काय? म्हटल्यास चूक नाही, पण ते अपुरे आहे. स्वयंपाकघरातला शब्दच येथे अधिक नेमका ठरतो : पोलाद ‘लाटले’ जाते. लाटणारे साधन आणि लाटून निघालेली वस्तू, या दोहोंना मराठीत ‘रूळ’ हे एकच नाव असावे, ही त्यातली गंमत.

‘दाबणे’ हे क्रियापद केवळ क्रिया सांगते. दाबलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे सांगत नाही. बटण दाबले की ते पुन्हा वर येते, माती दाबली की ती बसते, गळा दाबला की प्राण जातो. परिणाम सांगावयाचा असेल तर भाषेने निराळी क्रियापदे ठेवलेली आहेत. ‘चेपणे’ यात आकार बिघडतो, मग तो पत्र्याच्या डब्याचा असो. आणि तरीही दमलेल्या माणसाचे पाय ‘चेपतात’, ते सुखासाठी. ‘पिळणे’ यात आतला रस बाहेर येतो. ‘ठेचणे’ यात आघात आहे, ‘रेटणे’ यात वस्तू जागेवरून पुढे सरकते. ‘लाटणे’ यात ती पसरते. म्हणूनच दुसऱ्याची जमीन ‘लाटतात’, पण पैसा ‘दाबतात’, कारण जमीन लपविता येत नाही. आणि ‘दाबून जेवणे’ यातला दाब कोणावर असतो, याचा निर्णय जेवणाऱ्यानेच करावा.

भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या बाबतीत या भेदांना आणखी एक पदर आहे. हा प्रदेश मराठीला परका नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होती. आणि २ फेब्रुवारी १९५५ रोजी या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. तरी या नगरीचा व्यवहार हिंदीतून चालतो, आणि हिंदीतील ‘दबाना’ फार ऐसपैस आहे. तेथे पायही दबाये जातात, बातमीही, आणि जमिनीत पुरलेले धनही. मराठी मनुष्य ‘चोरपावलांनी’ येतो, हिंदी मनुष्य ‘दबे पाँव’. रोज हिंदी बोलणाऱ्याच्या मराठीतून ‘चेपणे’ आणि ‘पुरणे’ हळूच मागे सरकले, तर त्यात त्याचा दोष नाही; मात्र तोटा आहेच.

नामांकडे पाहिले तर हा तोटा अधिक स्पष्ट होतो. ‘दाब’ मोजता येतो : रक्ताचा, वाफेचा, हवेचा. पदार्थविज्ञानात तो बलाला क्षेत्रफळाने भागून मिळतो. म्हणून रेल्वेचे चाक आणि रूळ जेथे टेकतात त्या नाण्याएवढ्या जागेवर तो प्रचंड असतो. ‘दबाव’ मोजता येत नाही. तो कोणीतरी कोणावर तरी आणावा लागतो. ‘दडपण’ मात्र सोसणाऱ्याच्या मनात असते, आणणारा समोर नसला तरीही. परीक्षेचे दडपण येते, परीक्षेचा दाब येत नाही.

आता व्याकरणाची एक लहानशी गोष्ट. ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’ यांप्रमाणे ‘दबणे–दाबणे’ ही जोडी आहे. पहिला स्वर दीर्घ झाला की वाक्यात कर्ता येतो. ‘आवाज दबला’ या वाक्यात कोणी काही केले नाही. ‘आवाज दाबला’ म्हणताच ‘कोणी?’ असा प्रश्न उभा राहतो. ‘दडपणे’ त्याच्याही पुढे जाते. वरून ओझे ठेवून खालचे झाकून टाकावे, असा त्याचा भाव आहे. म्हणून प्रकरण दडपतात, बंड दडपतात.

हा भेद भिलाईत केवळ व्याकरणाचा राहिलेला नाही. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मध्ये खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अकरा माणसे मेली. त्या कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी १९९० पासून भिलाईतील खाजगी उद्योगांतल्या मजुरांसाठी जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क मागत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरात, झोपेत, गोळी घालून त्यांची हत्या करण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकात मजूर रुळांवर बसले, तेथेही गोळीबार झाला आणि मजूर ठार झाले.

या हकिकतीचे वाक्य लिहिताना लेखणी एका ऱ्हस्व-दीर्घापाशी अडते. ‘आंदोलन दबले’ असे लिहिले, तर ते पावसाने धूळ दबावी तसे आपोआप दबले असा अर्थ होतो. ‘दडपले गेले’ असे लिहिले, तर ओझे दिसते, पण ठेवणारा हात दिसत नाही. कर्मणी प्रयोगाची ही जुनी सोय आहे. ‘दडपले’ असे लिहिले, की आधी कर्ता लिहावा लागतो. शिवाय तिन्ही क्रियापदे काम पूर्ण झाल्याचे गृहीत धरतात. ते येथे लागू पडत नाही. दल्ली-राजहऱ्याच्या कामगारांनी आपल्या श्रमाने आणि वर्गणीने १९८३ मध्ये उभे केलेले रुग्णालय १९७७ च्या मृतांच्या स्मरणार्थ ‘शहीद’ या नावाने आजही चालू आहे. त्याबद्दल लिहिताना ‘दाबण्याचा प्रयत्न केला’ एवढेच म्हणता येते.